गाडीवर खा म्हणता, पण कोणाच्या?

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरतो. विदेशी बर्गर-पिझ्झा सोडा, आपल्या गरीब माणसाच्या गाडीवर खा, आपला पैसा आपल्यात राहू द्या. खाली जोडलेले हात आणि निळी हृदये. दिवाळीच्या तोंडावर हाच मेसेज पणत्यांसाठी येतो, आणि आपल्यातले काही जण तोही पुढे ढकलतात. तो विषय वेगळा. या वेळी मेसेज वाशीतल्या आपल्या एका तरुण मंडळाच्या ग्रुपवर आला आणि वाद पेटला. सेक्टर 17 मध्ये क्लासला जाणाऱ्या एका मुलाने लिहिले, "मॉलमध्ये मला कोणी जात विचारत नाही. मी तिथेच खाणार." त्याच्यावर तीस-चाळीस जण तुटून पडले. भांडवलशाहीचा दलाल, समाज विसरलेला, वगैरे. त्या मुलाचे म्हणणे नीट ऐकून घेण्यासारखे होते. आणि त्याला शिव्या घालणाऱ्यांनी फेरीवाल्याच्या बाजूने जे काही लिहिले, त्यात प्रत्यक्ष फेरीवाला कुठेच नव्हता. म्हणून हा लेख.

आधी त्या मुलाची बाजू. आपल्या आजोबांच्या पिढीला गावातल्या हॉटेलात चहा मिळायचा, पण कप वेगळा. वळचणीला ठेवलेला, कान तुटलेला. पिऊन झाला की स्वतः विसळून जागेवर ठेवायचा, आणि पैसे खाली ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. हे ज्यांनी घरात ऐकले आहे त्यांना संविधानाचे कलम 15 वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्याच्या दुसऱ्या उपकलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांची नावे घेऊन लिहिले आहे की तिथे प्रवेशाला जातीवरून आडकाठी करता येणार नाही. उपाहारगृहाचा उल्लेख थेट मूलभूत हक्कांत करावा लागला, कारण या देशात माणसाला कुठे आणि कोणासोबत खाता येते यावरच त्याची पायरी ठरत होती. महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेले लोक मंडपात जेवत होते, तेव्हा सवर्णांनी हल्ला करून त्यांचे अन्न मातीत मिसळले. पाण्यावरून सुरू झालेला राग त्यांनी ताटावर काढला.

तेव्हा आज तुर्भे स्टोअरचा एखादा मुलगा वाशी स्टेशनसमोरच्या मॉलमध्ये एसीत बसतो, सगळ्यांसारख्या रांगेत उभा राहतो, त्याचा नंबर पुकारला जातो आणि सगळ्यांसारखाच कागदी ग्लास त्याला मिळतो, ही फालतू गोष्ट नाही. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे, ती पुरुष कार्यकर्त्यांच्या लक्षातच येत नाही. त्या दुकानात शौचालय असते. गाडीवर खाणाऱ्या मुलीने कुठे जायचे? शिवाय एक कोल्ड्रिंक घेऊन दोन तास मित्रासोबत बसता येते, कोणाची आत्या-मामी बघत नाही. जातीबाहेरची किती लग्ने अशा टेबलांवर ठरली असतील, याचा अभ्यास कोणीतरी करायला हवा.

पण तो मुलगा ज्याला "जात विचारत नाही" म्हणतो, ते फक्त काउंटरच्या अलीकडचे आहे. पलीकडे काय आहे? टोपी घालून ऑर्डर घेणारी, तेलात बटाटे तळणारी मुले आपल्याच वस्त्यांतली आहेत. बारावी झालेली, पदवी अर्धवट राहिलेली. याच वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळ दिले, नोंदणी दिली, भविष्य निर्वाह निधी दिला. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने तो लढून मिळवला. काउंटरवरच्या मुलाला आणि बाइकवरून डबे पोहोचवणाऱ्याला असे काय आहे? आणि पुढच्या वेळी मॉलमध्ये गेलात की तिथे शौचालय पुसणाऱ्याला गाव विचारा, आडनाव विचारा. ते काम कंत्राटावर असते. काउंटरवर न विचारलेली जात तिथे उत्तरासकट हातात मॉप घेऊन उभी असते.

मोठ्या कंपन्या जात ओळखत नाहीत, हेही पूर्ण खरे नाही. मार्च 2024 मध्ये झोमॅटोने "शुद्ध शाकाहारी" लोकांसाठी वेगळा ताफा जाहीर केला. वेगळी पेटी, हिरवे कपडे. मांसाहाराचा डबा ज्या पेटीतून गेला त्या पेटीत आमचा डबा नको, ही ती मागणी. ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागे घेतले, ताफा ठेवला. वळचणीचा कप आणि ही हिरवी पेटी यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. एवढेच की आता विटाळ अ‍ॅपवर आहे आणि त्याला "ग्राहकाची पसंती" म्हणतात.

आता मेसेजवाल्यांकडे येते. देशी-विदेशीचा वाद आपला नाही, हे आधी डोक्यातून काढून टाकू. मॅकडोनाल्ड्स भारतात 1996 साली आले. पश्चिम आणि दक्षिण भारतात त्याची दुकाने चालवणारी वेस्टलाइफ आणि डॉमिनोज चालवणारी ज्युबिलंट फूडवर्क्स, या दोन्ही इथल्याच व्यापारी घराण्यांच्या कंपन्या आहेत, दोघींचे शेअर इथल्याच बाजारात विकले जातात. जम्बोकिंग तर वडापावचीच चेन आहे, 2001 साली मालाडला सुरू झालेली. पैसा अमेरिकेला जातो की मलबार हिलला, याने तुर्भे नाक्यावरच्या बाईला काय फरक पडतो? स्वदेशीच्या नावाने परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या, त्या काळात मुंबईच्या स्वदेशी गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नव्हते. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे आणि त्याने बाटत असे, म्हणून. त्याच खात्यात पगार जास्त होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. तेव्हा "आपला माणूस" या शब्दावर आपण तरी इतक्या लवकर विश्वास ठेवू नये.

दुसरी भानगड "मराठी माणसाच्या गाडी"ची. वडापाव 1960 च्या दशकात दादरला रुजला, गिरणगावात वाढला, पुढे शिवसेनेने "शिव वडा" नावाने त्याची मोहीम काढली. सप्टेंबर 2017 मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे मेली. पूल रेल्वेचा. मार मात्र पुढच्या महिन्यात स्टेशनांबाहेरच्या फेरीवाल्यांनी खाल्ला, मनसेच्या कार्यकर्त्यांच्या हातचा. त्या वेळी आपले काही तरुणही त्या व्हिडिओंवर खूश होते, हे मला चांगले आठवते. पाणीपुरी विकणारा तो "भैया" जाटव असू शकतो, अन्सारी असू शकतो. ज्या गावातून तो पळून आला तिथे त्याच्या हातचे पाणी चालत नव्हते म्हणून तो वाशीत पाणीपुरी विकतो आहे, असेही असू शकते. विचारले आहे का कोणी?

आणि गाडीला जात नसते, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा सेक्टर 9-10 च्या बाजारातून स्टेशनपर्यंत फक्त पाट्या वाचत चालावे. "जैन पावभाजी", "शुद्ध शाकाहारी", अमुक देवीची कृपा, तमुक महाराजांचा आशीर्वाद. पाटी हीच गिऱ्हाइकाला दिलेली खात्री असते, की हा हात कोणाचा आहे. मी कामानिमित्त भल्या पहाटे एपीएमसीकडे जाते. भाजीचे ट्रक रिकामे होत असतात तेव्हा पोहे, उपमा, चहा विकणाऱ्या बाया तिथे असतात. त्यातल्या एका मावशींना मी बरीच वर्षे ओळखते. आईवडील बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आले, तुर्भ्याच्या दगडखाणीत खडी फोडायला. मावशींच्या घरी बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा मोठा फोटो, 6 डिसेंबरला त्या न चुकता चैत्यभूमीला. गाडीवर मात्र साईबाबा आणि "माउली नाश्ता सेंटर". मी एकदा विचारले.

"हमालाचं काय नाय गं पोरी, त्याला भूक असती. पण गाळ्यावरनं वीस-वीस प्लेटीची आर्डर येती. शेटच्या माणसाला कळलं तर दुसऱ्या दिवशी तो पुढच्या गाडीवर जातुय. भांडत नाय, काय बोलत बी नाय. नुसता येत नाय."

नुसता येत नाही. जातीय अत्याचाराच्या कुठल्याच नोंदीत हे बसत नाही. यावर गुन्हा कसा दाखल करणार? बाबासाहेबांना हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. कोलंबियाहून शिकून आल्यावर, बडोद्यातून अपमानित होऊन मुंबईला परतल्यावर, 1917-18 च्या सुमारास त्यांनी शेअर व्यवहारांचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक थांबले. पेढी बंद. जगातल्या मोठ्या अर्थतज्ज्ञांकडे शिकलेला माणूस. त्याचा सल्ला कागदावर होता, ताटात नव्हता, तरी बाटला. मग पोह्यांचे काय घेऊन बसलात? 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली, तेव्हा धंद्याचा व्यवहार नाकारणे हाही त्या बहिष्काराच्या व्याख्येत धरला होता. महाराष्ट्राला बहिष्कारविरोधी कायदा करायला 2016 साल उजाडले, आणि तोही मुख्यतः जातपंचायतींना समोर ठेवून केलेला.

कोणाला हे अतिशयोक्त वाटत असेल तर एक आकडा सांगते. भारत मानव विकास सर्वेक्षणाने 2011-12 मध्ये देशातल्या 42 हजार घरांत विचारले होते की तुमच्याकडे अस्पृश्यता पाळतात का. आणि नाही म्हणणाऱ्यांना पुढे विचारले की अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, त्याने तुमची भांडी वापरली तर चालेल का. 27 टक्के घरांनी या ना त्या उत्तरात पाळतो हे कबूल केले. हे कबूल करणारे. आणि 2005 च्या आर्थिक गणनेच्या आधारे अय्यर, खन्ना आणि वार्ष्णेय या अभ्यासकांनी दाखवले की लोकसंख्येत 16 टक्क्यांच्या वर असलेल्या अनुसूचित जातींकडे धंद्यांची मालकी 9.8 टक्के होती. स्वयंपाकघर आणि मालकी, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा.

आपले स्वतःचे अन्न तर अजून गाडीवर आलेच नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आपल्यातल्या अनेकांनी वाचले आहे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरी काय शिजत होते ते त्यात पाककृतींसकट आले, 2024 मध्ये ते इंग्रजीतही गेले. पण त्यातला एक पदार्थ वाशीत कुठल्या गाडीवर मिळतो? आपली बाई आपल्या हाताने दुसऱ्याचे पोहे विकते, देवही दुसऱ्याचा लावते. 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर त्यातल्या काही पदार्थांचा तर प्रश्नच मिटला.

मग गाडीवर खाऊन उपयोग काय? उपयोग आहे, पण कसे खाता यावर आहे. इथे कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट आठवावी. बऱ्याच जणांना ती "महाराजांनी चहा घेतला" एवढीच माहीत असते. गंगाराम शाहू महाराजांच्या चाकरीत होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामांना सांगितले की चाकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. त्यांनी भर रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले, 'सत्यसुधारक' नावाचे. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, गिऱ्हाईक नाही. महाराचा चहा कोण पिणार? मग महाराज गाडी थांबवून तिथे चहा मागू लागले, आणि सोबतच्या ब्राह्मण, मराठा मंडळींनाही पाजू लागले.

यात तीन-चार गोष्टी आहेत आणि आपला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज त्यातली एकही करत नाही. महाराजांनी गंगारामांवर दया म्हणून बक्षिशी दिली नाही, मालाचे पैसे देणारे गिऱ्हाईक झाले. गुपचूप वाड्यावर चहा मागवला नाही, रस्त्यावर प्यायले, लोकांनी बघावे म्हणून. एकटे प्यायले नाहीत. ज्यांना प्यायचा नव्हता त्यांना सोबत नेले. आणि हॉटेलचा मालक कोण आहे हे लपवून नव्हे, सांगून. आपण काय करतो? मावशींच्या गाडीवर उभ्याने पोहे खातो, "जयभीम मावशी" असे हळू आवाजात म्हणतो, आणि ऑफिसच्या मित्रांना घेऊन मॉलमध्ये जातो. उलटे करून बघा. एकटे असाल तेव्हा खुशाल मॉलमध्ये बसा, तो तुमचा हक्क आहे. ऑफिसचे देशपांडे, पाटील, शहा सोबत असतील त्या दिवशी त्यांना मावशींच्या गाडीवर न्या, आणि गाडी कोणाची आहे हे त्यांना सांगा. अर्थात मावशींना आधी विचारून. धंदा त्यांचा आहे, क्रांती आपली. जोखीम त्यांच्या पातेल्यावर टाकून आपण टाळ्या घेऊ नयेत.

पण शाहू महाराज राजे होते. गंगारामांचे हॉटेल रस्त्यावरून कोणी उचलून नेणार नव्हते. मावशींची गाडी जाते. अतिक्रमणची गाडी आली की शेगडी, सिलिंडर, पातेली, शिजलेले पोहे, सगळे एका ढिगात. सोडवून आणेपर्यंत चार-पाच दिवस बुडतात आणि पातेल्यांतले एखादे परत येत नाही. याच्याशी एक तुलना करते. फेब्रुवारी 2024 मध्ये बातमी आली की अन्न व औषध प्रशासनाने तेव्हाच्या अहमदनगरमधल्या एका मॅकडोनाल्ड्सवर चीजऐवजी पर्यायी पदार्थ वापरून ते नीट न सांगितल्याबद्दल कारवाई केली. कंपनीने आरोप नाकारला, आम्ही खरेच चीज वापरतो असा खुलासा केला. खरे-खोटे काय ते असो. पण तिथे नोटीस होती, खुलासा होता, पत्रव्यवहार होता. कोणी तळणाची कढई ट्रकमध्ये फेकली नाही. "गाडीवरचे अस्वच्छ" म्हणणाऱ्यांना माझे एवढेच म्हणणे आहे की स्वच्छतेला नळ लागतो. ज्याला उद्या इथे उभे राहता येईल की नाही माहीत नाही, तो नळजोडणी कुठून आणणार?

फूटपाथ चालणाऱ्यांचाही आहे, हे मला मान्य आहे. स्टेशनच्या तोंडाशी संध्याकाळी सातला चालून बघा, व्हीलचेअर तर सोडाच. पण यावर उत्तर शोधून झालेले आहे, ते कागदावर पडून आहे. 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. 1989 च्या सोदन सिंग खटल्यात रस्त्यावर धंदा करणे हा वाजवी बंधनांसह मूलभूत हक्क मानला. 2013 मध्ये महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या खटल्याचा निकाल आला आणि 2014 च्या मे महिन्यापासून पथविक्रेता कायदा लागू झाला. तो कायदा आपल्या किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे? अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे आपल्याला पाठ असतात, असायलाच हवीत. पण रोजच्या भाकरीचा हा कायदा आपण युनियनवाल्यांचा म्हणून सोडून दिला.

त्यात काय आहे ते सांगते. दर पाच वर्षांनी किमान एकदा फेरीवाल्यांचे सर्वेक्षण झाले पाहिजे, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. प्रमाणपत्र देताना अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, महिला, अल्पसंख्याक, अपंग यांना प्राधान्य. माल जप्त केला तर त्याची यादी हातात द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करावा लागतो. हलवायचे असेल तर तीस दिवसांची नोटीस. आणि कुठे बसायचे, कुठे नाही, हे ठरवण्यात नगर पथविक्रेता समितीला वाटा. अध्यक्ष आयुक्त, पण किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी फेरीवाल्यांतून निवडून दिलेले. त्यांत एक तृतीयांश महिला, आणि अनुसूचित जातींना प्रतिनिधित्व. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाले सामावून घ्यायचे, हे प्रमाणही कायद्यातच आहे. 2011 च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 11 लाख 20 हजारांच्या आसपास होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने 28 हजार माणसांची जागा.

सिडकोने 1970 पासून हे शहर कागदावर आखून बांधले. रस्ता, उद्यान, शाळा, स्टेशनच्या डोक्यावर कार्यालये. पहाटे चार वाजता ट्रक रिकामा करणाऱ्या माणसाला नाश्ता कोण देणार, हे त्या नकाशात कुठे होते? आखीव शहरात गाडीवाला बेशिस्त दिसतो, कारण त्याची रेषच ओढलेली नाही. ती ओढायचा अधिकार 2014 च्या कायद्याने ज्या समितीला दिला, तिथे आपले कोणी आहे का? मुंबईत या कायद्याखाली फेरीवाल्यांची निवडणूक व्हायला ऑगस्ट 2024 उजाडला. 2014 च्या सर्वेक्षणात 99 हजारांच्या वर फेरीवाले होते, मतदार यादीत उरले 32 हजारांच्या आसपास. गळालेले कोण असतील? ज्यांच्याकडे कागद नव्हते ते. ज्यांच्याकडे कागद नसतात त्यांत आपली माणसे किती, हे मी सांगायला नको. 2020 च्या स्वनिधी योजनेतून आता पंधरा हजारांचे कर्ज मिळते, फेडले की पुढे पंचवीस, पन्नास; ते घ्यावे. पण कर्जातून शेगडी येते, शेगडी ठेवायची जागा येत नाही.

आता आपल्या मंडळांबद्दल, कारण हा सगळा वाद एका मंडळाच्या ग्रुपवर झाला. एकेकट्याने बर्गर खाल्ला की वडापाव, त्यात शंभर-दोनशे रुपयांचा फरक. जयंतीच्या वर्गणीतून जेवणावर जाणारा पैसा लाखात असतो. 14 एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, महिला मेळावे, कर्मचारी संघटनांची शिबिरे. या सगळ्यांची ऑर्डर कोणाला जाते? मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी "चांगल्या" केटररला, म्हणजे ज्याच्या पाटीवर शुद्ध शाकाहारी लिहिले आहे आणि ज्याच्या टेम्पोत गणपती आहे त्याला. कारण विचारले तर सांगतात, पाहुणे येतात, दर्जा हवा. आपल्या बाईच्या हातच्या जेवणाला दर्जा नाही हे आपणच ठरवले, तर शेटच्या माणसाला कोणत्या तोंडाने बोलायचे? तो तरी नुसता येत नाही. आपण तर निळा झेंडा लावून येत नाही.

तुर्भे, वाशी, सानपाडा मिळून आपल्या पंधरा-वीस बाया एकत्र आल्या तर पाचशे माणसांचे जेवण सहज निघते. अन्नसुरक्षेची नोंदणी ऑनलाइन होते, पोरांनी बसून भरून द्यायची. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 पासून आहे, त्याच्या बीजभांडवलाच्या योजनेचा अर्ज लॅपटॉपवाल्या पोरांनी एकदा उघडून तरी बघावा.

येत्या रविवारच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. जयंतीच्या जेवणाची ऑर्डर अजून गेलेली नाही. ती या बायांना द्यावी, आगाऊ रकमेसकट, आणि स्टॉलवर त्यांच्या नावाची पाटी लावावी. दुसरे म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रश्न असे: आपल्या विभागात शेवटचे सर्वेक्षण कधी झाले, किती जण नोंदले गेले, प्रमाणपत्रे किती दिली, त्यात अनुसूचित जातीचे किती, महिला किती, समितीवर फेरीवाल्यांतून निवडून आलेले कोण, आणि गेल्या वर्षभरात जप्त मालाच्या याद्या किती जणांना दिल्या. मसुदा तयार आहे. त्यासोबत आपली स्वतःची यादीही हवी, तीन पहाटे आणि दोन संध्याकाळी फिरून केलेली. मॉलमध्येच खाणार म्हणणाऱ्या त्या मुलाने मोबाइलवर फॉर्म बनवून द्यायचे कबूल केले आहे. त्याच्यावर तुटून पडलेल्या तीस-चाळीस जणांपैकी पहाटे चारला एपीएमसीच्या गेटवर कोण येणार, त्यांनी नावे कळवावीत.

जयभीम.